हैदराबादेत उतरावे कोठे?

बिदर, भालकी, बसवकल्याण वा आळंद यांपैकी कोठल्याही गावी घरात कोणी 'उद्या हैदराबादेस निघावयाचे आहे' असे म्हटले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'उतरणार कोणाकडे?' कोठे उतरणार, असे आपल्याकडे कोणी विचारीत नाही. कोणाकडे, असेच विचारतात. शहर कितीही मोठे असो, आपल्या लेखी ते मावशीचे, आत्याचे किंवा चुलतभावाचे घर असते, आणि त्या घराभोवती जे काही पसरले असेल त्यास हैदराबाद म्हणावयाचे. या प्रश्नातील गोडवा आम्हांस ठाऊक आहे. तथापि त्याच प्रश्नापायी रुग्णांचे आणि यजमानांचे होणारे हाल गेल्या काही वर्षांत आम्ही वारंवार पाहिले, म्हणून या महिन्यात त्याविषयी लिहिणे अगत्याचे वाटले.

पूर्वी प्रश्नाप्रमाणे उत्तरही ठरलेले असे. काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार, इसामिया बाजार, फार तर बरकतपुरा किंवा नारायणगुडा. मुसी नदीच्या उत्तरेकडील या पाच-सहा मोहल्ल्यांबाहेर आपला मनुष्य सहसा मुक्काम करीत नसे. याचे कारण केवळ माया हे नव्हते. १९५६ पर्यंत बिदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी, पण जिभेवरचे नाव इतक्या लवकर कोठे बदलते?) हे हैदराबादचे जिल्हे होते. वरिष्ठ न्यायालय, सचिवालय, उस्मानिया विद्यापीठ, मोठा दवाखाना, सारे तेथेच. जुन्या मराठी दफ्तरदारांचे वाडे नदीच्या दक्षिणेस, शाहअलीबंड्याच्या बाजूस होते. परंतु पुढे वकिली, शिक्षकी किंवा कारकुनीसाठी जी कुटुंबे आली त्यांतील बरीच नदीच्या उत्तरेस वसली.

त्यातही सुलतान बाजाराचे एक वैशिष्ट्य होते. ब्रिटिश रेसिडेंटाच्या कोठीभोवतीचा हा भाग 'रेसिडेन्सी बाजार' म्हणून ओळखला जाई आणि १९३३ साली निजाम सरकारकडे परत जाईपर्यंत तो रेसिडेंटाच्या अमलाखाली होता. सभा, शाळा, वर्तमानपत्रे यांवरील संस्थानी बंधने तेथे तितकीशी जाचत नसत. आर्य समाजाने १८९२ साली आपले ठाणे मांडले ते याच बाजारात. जवळच विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली, तिच्या उभारणीत केशवराव कोरटकरांसारखी माणसे होती. इसामिया बाजारात मराठी ग्रंथ संग्रहालय आले. 'पंचधारा' हे नियतकालिक चालविणारी मराठी साहित्य परिषदही याच परिसरातली. आणि आपण सीमेवरची माणसे केवळ मराठीच थोडे आहोत? कन्नड मंडळींची नृपतुंग शाळा आणि कर्नाटक साहित्य मंदिर काचीगुड्यातच आहेत. मराठी घरी जेवावे आणि कन्नड शेजाऱ्याच्या ओसरीवर पाठ टेकावी, अशी सोय दुसऱ्या कोणत्या शहराने आपणांस दिली असती? रेसिडेंटाची ती कोठी आज महिला विद्यापीठाच्या आवारात उभी आहे, आणि आसपासच्या भागास कोठी हे नाव तिच्यावरूनच राहिले आहे.

मुद्दा असा, की त्या काळी काम आणि माणूस एकाच पेठेत सापडत. गौळीगुड्यास मोटारीतून उतरावे, अफजलगंजातील उस्मानिया दवाखाना जवळच, नदीचा पूल ओलांडला की वरिष्ठ न्यायालय, मागे फिरले की मावशीचे घर. सायकलरिक्षाच्या टप्प्यात सारे जग. त्यामुळे 'कोणाकडे' असे विचारले तरी 'कोठे' या प्रश्नाचे उत्तर त्यातच मिळून जाई.

आज ही दोन उत्तरे एकमेकांपासून दूर गेली आहेत. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्य मोडले, आपली राजधानी बेंगळूर झाली, उदगीर-निलंग्याचे सोयरे दुसऱ्या राज्यात गेले. न्यायालयीन कामासाठी हैदराबादेस जाण्याचे कारण तेव्हाच संपले. २००८ पासून तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ गुलबर्ग्यासच बसते. राहिले ते दुखणे, शिक्षण, नोकरी आणि लग्नाचा बस्ता. बिदरहून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर आणि बेंगळूर त्याच्या जवळजवळ पाचपट. दुखणाईत माणूस राज्याची सीमा पाहत नाही, अंतर पाहतो. परंतु ज्या हैदराबादेस तो जातो ते शहर पश्चिमेकडे पसरले आहे. माधापुरात १९९८ साली सायबर टॉवर्स उभे राहिले आणि त्यानंतर गच्चीबावलीपर्यंतची माळराने कार्यालयांनी आणि इस्पितळांनी भरून गेली. नातलगही हलले. काचीगुड्यातील जुन्या घरांच्या जागी इमारती झाल्या, मुले कुकटपल्ली-मियापूरकडे गेली, मागे राहिली ती बहुधा वयस्क मंडळी. तरीही आपला प्रवासी पटनचेरूपासून पुढे सुमारे तीस किलोमीटर शहर तुडवीत काचीगुडा गाठतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेने अर्धे अंतर परत येतो, कारण इस्पितळ वाटेतच मागे राहिलेले असते!

आमच्या परिचयातील भालकीकडील एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. गृहस्थांची शस्त्रक्रिया शहराच्या पश्चिम टोकाच्या इस्पितळात झाली. पुढे तीन आठवडे एक दिवसाआड पट्टी बदलावयाची होती. बाई नवऱ्याला घेऊन काचीगुड्यास भाच्याकडे उतरल्या, कारण तेथे न उतरणे म्हणजे भाच्याचा अपमान. घर तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहक नाही, खोल्या दोन, भाच्याची मुलगी दहावीला. एक दिवसाआड तो दुबळा मनुष्य जिने उतरे, रिक्षात बसे, दीड तास धक्के खाई आणि संध्याकाळी पुन्हा जिने चढे. सूनबाईने एका शब्दाने कुरकुर केली नाही. पहाटे साडेचारला उठून पथ्याचे वेगळे, मुलीचे वेगळे, नोकरीवर जाणाऱ्याचे वेगळे असे ती रांधीत राहिली. मुलगी अभ्यासाची वही घेऊन स्वयंपाकघरात ओट्याखाली बसे. तीन आठवड्यांनी मंडळी परतली तेव्हा दोन्ही घरे थकली होती. पण बोलणार कोण? पुढे सहा महिन्यांनी पुन्हा जावे लागले, तेव्हा मुलाने आग्रहाने इस्पितळाजवळ तळमजल्यावरची एक खोली आठवड्याच्या भाड्याने घेतली. भाचा रागावला, दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा घेऊन स्वतः आला, रात्री दहापर्यंत मामांजवळ बसला. त्या एका बैठकीत जेवढे बोलणे झाले तेवढे मागच्या तीन आठवड्यांत झाले नव्हते, असे बाई सांगतात.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की दुखणे घेऊन जाणाऱ्याने इस्पितळापासून चालत जाता येईल अशा ठिकाणीच उतरावे आणि नातलगांस तसे आधी कळवावे. कळविणे महत्त्वाचे आहे. राग येतो तो खोली घेतल्याचा नव्हे, तिसऱ्याकडून कळल्याचा. पंजागुट्ट्याच्या निम्समध्ये जावयाचे असल्यास पंजागुट्टा-खैरताबाद. रेड हिल्सच्या एम. एन. जे. कर्करोग रुग्णालयात किंवा शेजारच्या निलोफर बाल रुग्णालयात जावयाचे असल्यास लकडी का पूल किंवा नामपल्ली. गच्चीबावलीच्या बाजूचे काम असल्यास तिकडेच. मेट्रोची मियापूर ते एल. बी. नगर ही वाट पंजागुट्टा, लकडी का पूल, नामपल्ली अशी जाते, तेव्हा पश्चिमेकडून येणाऱ्याने मियापुरास उतरून ती धरली तरी रस्त्यावरचा खोळंबा टळतो. सेडम-कोडंगलच्या वाटेने येणारे मात्र चेवेळ्यावरून मेहदीपट्टणमला पोहोचतात. त्यांना मियापूर आडवाटेचे.

मुंबईस जाणाऱ्यांनाही हाच न्याय लागू आहे. गुलबर्ग्याची गाडी थेट दादरला सोडते, आणि परळच्या टाटा रुग्णालयातील कित्येक रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आसरा दिला आहे. ठाण्या-डोंबिवलीस सख्खा भाऊ असूनही तेथे राहणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांच्या भावांनी त्यांस दूषण दिल्याचे ऐकिवात नाही. हैदराबादेबाबत आपण अधिक हळवे आहोत, कारण ते शहर एके काळी आपले होते.

आता उलट बाजू. काम लग्नाच्या बस्त्याचे असेल तर आमच्या मते आजही काचीगुडा-कोठी सोडून इतरत्र जाणे हा शुद्ध अव्यवहार होय. लुगडी-साड्यांसाठी सुलतान बाजार, भांड्यांसाठी बेगम बाजार, बांगड्यांसाठी चारमिनारजवळचा लाडबाजार, सारे हाताशी. २०२० च्या फेब्रुवारीपासून सुलतान बाजार आणि नारायणगुडा येथे मेट्रोची स्थानकेही झाली. शिवाय बस्त्याला घरची वडीलधारी बाई बरोबर हवीच, आणि काचीगुड्यातील मावशीखेरीज दुकानदाराशी दख्खनी उर्दूत घासाघीस कोण करणार? येथे नातलगाकडे उतरण्यात त्यालाही आनंद असतो. दोन दिवसांचा मुक्काम, घरात धावपळ, हसणे-खिदळणे. जाताना गुलबर्ग्याची तूरडाळ न्यावी. हैदराबादेत डाळ मिळत नाही असे नाही, पण मावशी ती तांब्या-तांब्याने शेजारी वाटते आणि प्रत्येक घरी 'आमच्याकडची' असे सांगते. उस्मानिया विद्यापीठात काम असलेल्या विद्यार्थ्यासही हाच भाग जवळचा. मात्र गच्चीबावलीच्या केंद्रीय विद्यापीठात किंवा माधापुरातील कंपनीत मुलाखत असल्यास आदल्या रात्री तिकडेच जावे. मुलाखतीच्या सकाळी शहर ओलांडण्याचा जुगार खेळू नये.

नावांच्या घोटाळ्याबाबत एक इशारा देणे आवश्यक आहे. लिंगमपल्ली दोन आहेत. एक काचीगुडा-बरकतपुऱ्याला लागून असलेला जुना मोहल्ला. दुसरी शहराच्या पश्चिमेस, जेथे विकाराबादकडून येणाऱ्या अनेक आगगाड्या थांबतात. दोहोंमध्ये वीस किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. 'लिंगमपल्लीस उतरा, मी येतो' एवढाच निरोप घेऊन रात्री निघणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या हाती पूर्ण पत्ता लिहून द्यावा. तसेच काचीगुडा स्थानकाच्या नावावर विसंबून तिकीट काढू नये. १९१६ सालचे ते सुंदर स्थानक निजामाबाद-नांदेडकडून येणाऱ्यांच्या सोयीचे आहे, विकाराबादेवरून येणाऱ्या आपल्या बहुतेक गाड्या नामपल्ली किंवा सिकंदराबादेस जातात.

लॉजमध्ये उतरणाऱ्यांनी खोली पाहण्याआधी जिना पाहावा, आणि उद्वाहक असल्यास तो चालतो की नाही हे स्वतः चढून पाहावे. प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असू द्यावे. आजी-आजोबांचे घरी विसरते. कित्येक ठिकाणी भाडे आल्या वेळेपासून चोवीस तासांचे धरतात, कित्येक ठिकाणी दुपारी बारास दिवस संपतो. पहाटे पाचला पोहोचणाऱ्यास यात एका दिवसाच्या भाड्याचा फरक पडतो, तेव्हा आधीच विचारावे. जानेवारीच्या आरंभापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नामपल्लीस नुमाइश भरते, त्या दिवसांत तेथील खोल्या मिळणे कठीण. आणि अनंत चतुर्दशीच्या दिवशी इस्पितळाची वेळ चुकूनही घेऊ नये. बाळापूरपासून हुसेनसागरापर्यंत मिरवणुकीचा रस्ता बंद असतो, आणि त्या दिवशी काचीगुड्यातील मनुष्यदेखील लकडी का पूल गाठू शकत नाही.