वाइफ म्हणजे बाईमाणूस

मैत्रिणींनो, घरातले कागद एकदा काढून बघा. बँकेचा फॉर्म, जुनं आधार कार्ड, कुठलंसं प्रतिज्ञापत्र… आपल्या नावानंतर इंग्रजीत ‘डब्ल्यू ओ’ आणि पुढे नवऱ्याचं नाव. वाइफ ऑफ अमुक अमुक. हा ‘वाइफ’ शब्द आता इतका आपला झालाय, की मालवणच्या बाजारात मासे घेताना एखादा सहज सांगतो, ‘आज वाइफ घरात नाय, साफ करून द्या.’ पण या शब्दाचा लग्नाशी मुळात फारसा संबंधच नव्हता, हे किती जणींना ठाऊक आहे?

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘वीफ’ म्हणजे नुसती बाई. लग्न झालेली, न झालेली, कोणीही. आणि ‘मान’ म्हणजे माणूस. दोन्ही जोडून झाला ‘वीफमान’, म्हणजे चक्क आपला ‘बाईमाणूस’! मालवणीत आपण ‘बायलमाणूस’ म्हणतो ना, अगदी तस्साच. त्याच ‘वीफमान’चा झिजून झिजून ‘वूमन’ झाला. आपल्याकडेही बघा, ‘चार बायका जमल्या’ म्हटलं की चार स्त्रिया, आणि ‘त्याला दोन बायका’ म्हटलं की भानगड वेगळी. शब्द एकच. घोव आणि बायल म्हणताना बायल पत्नी होते, बायलमाणूस म्हणताना ती फक्त स्त्री असते.

जुना अर्थ काही इंग्रजी शब्दांत अजून टिकून आहे. सुईणीला ‘मिडवाइफ’ म्हणतात, त्यातला ‘मिड’ म्हणजे सोबत. बाळंतिणीच्या सोबत असणारी. मासे विकणारी ती ‘फिशवाइफ’. ती कोणाची बायको आहे याच्याशी कोणाला काही घेणंदेणं नव्हतं, तो तिचा धंदा होता.

पण पुढे या फिशवाइफचं काय झालं ते ऐका. मोठ्या आवाजात बोलणारी, भांडकुदळ, तोंडाळ बाई असा तिचा अर्थ झाला. लंडनच्या बिलिंग्जगेट मासळी बाजाराचं तर नावच शिवराळ भाषेला पडलं. आपण हसायला नको. एखाद्या सभेत गोंधळ झाला की आपणही म्हणतोच, ‘हा काय मासळी बाजार आहे?’ अहो, ज्या बाईला लिलावात शंभर माणसांच्या गलक्यात बोली लावायची आहे, बर्फ वितळायच्या आत पाटी रिकामी करायची आहे, तिने काय कुजबुजत धंदा करायचा? ऑक्टोबर १७८९मध्ये पाव महागला म्हणून पॅरिसच्या बाजारातल्या बायका पायी व्हर्सायला गेल्या आणि राजाला पॅरिसला घेऊन आल्या. त्यांत मासेवाल्या पुढे होत्या. तो आवाज तेव्हा उपयोगी पडला होता!

‘हाउसवाइफ’ची गत तर आणखी वाईट. मूळ अर्थ घराचा कारभार बघणारी मालकीण. कोठार, दूधदुभतं, नोकरचाकर सगळं तिच्या हाताखाली. त्याच शब्दाचं बोलीतलं रूप झालं ‘हझी’, आणि त्याचा अर्थ होत गेला चवचाल पोरगी. ‘हजबंड’ या शब्दातही घरच आहे, घर धरून असलेला तो घरधनी. त्या शब्दाला मात्र असा डाग कधी लागला नाही. बघा हं, शब्दांच्या राज्यातसुद्धा दोन कायदे! (जाता जाता, ‘माझी मिसेस’ म्हणणाऱ्या नवरोबांना सांगायला हरकत नाही, की मिसेस हे ‘मिस्ट्रेस’चं रूप आहे. म्हणजे ‘माझी मालकीण’.)

हे सगळं आज का सांगायचं? कारण शब्दावरून पुढे हिशेब ठरतात. २००१च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना काम न करणाऱ्यांत, भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं होतं. अपघातात गेलेल्या एका गृहिणीच्या भरपाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तेव्हा २०१०मध्ये न्यायालयाने यावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली आणि भरपाई सहा लाखांपर्यंत वाढवली. २०१९च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची मिनिटं ९७.

आणि आपल्याकडची बाई नुसतं घरकाम करते कुठे? ती लिलावात मासळी घेते, गावोगाव पाटी फिरवते. जून-जुलैत मासेमारी बंद असते म्हणून मे महिन्याच्या उन्हात सुकट, गोलमा वाळवून ठेवते. काजू सोलते, कोकमाचं आगळ काढते. तारकर्ली-देवबागला पर्यटकांच्या ताटात जाणारं जेवण तिच्याच हातचं असतं, पाटीवर नाव कोणाचं का असेना. पण ‘व्यवसाय’च्या रकान्यात काय लिहिलं जातं? गृहिणी. विचारलं तर घरातलाच कोणी सांगतो, ‘ती काय करता? घराकच आसता.’

आता २०२७ची जनगणना आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. जनगणनेच्या व्याख्येत कामाला पगार मिळायलाच हवा असं नाही. घरच्या शेतीत, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारीही काम करणारीच धरली जाते. म्हणून प्रगणक दारात आला की माजघरातून बाहेर या. उत्तर नवऱ्याला, सासऱ्याला देऊ देऊ नका. मासळी विकत असाल तर मासळी विकते म्हणा, काजू सोलत असाल तर तसं म्हणा. आणि हो, आवाज जरा मोठाच ठेवा.