तिकीट कापू नका, पाकीट ठेवा

रूमवर कोणीही आलं की माझा तिकिटांचा अल्बम चाळतो आणि एकच प्रश्न विचारतो, "याचे किती येतील रे?" मित्रहो, त्या प्रश्नाला उत्तर म्हणून हा लेख.

माझ्याकडे जर्मन पूर्व आफ्रिकेचं, म्हणजे आजच्या टांझानियाकडचं, एक तिकीट आहे. १८९३ साली जर्मनीच्या ३ फेनिगच्या तिकिटावर '२ पेसा' छापून ते काढलं गेलं. पेसा म्हणजे आपला पैसाच! त्या किनाऱ्यावर आधीपासून हिंदुस्थानी रुपया चालायचा, म्हणून जर्मनांनीही ६४ पेशांचा रुपया ठेवला. सोळा आणे, चौसष्ट पैसे, आपल्या आजोबांचाच हिशोब.

पण खरी गंमत त्याआधीची. लामूच्या जर्मन पोस्टात १८८८ ते १८९१ साधी जर्मन तिकिटंच वापरायचे. ती आफ्रिकेत वापरली, हे सांगतो फक्त पोस्टाचा शिक्का. शिक्का गेला की उरलं साधं तिकीट. प्रॅक्टिकलला रीडिंग लिहिलं आणि युनिट लिहिलं नाही, तर सर मार्क देतात का?

हे मला उशिरा कळलं. आठवीत असताना खालापूरच्या घरी आजोबांच्या ट्रंकेतली सगळी पत्रं मी काढली. तिकिटं कापली, कोमट पाण्यात भिजवून सोडवली. उरलेले कागद बंबात घातले. मुंबईत नोकरी करताना आजोबांनी आजीला लिहिलेली पत्रं होती ती. तिकिटं आजही माझ्याकडे आहेत, तशी कुठेही पाच-दहा रुपयांत मिळतात. पत्र कुठून निघालं, कधी पोचलं, हे सांगणारे शिक्के गेले. अक्षरही गेलं. आजी तेव्हा हयात नव्हती. आजोबा मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच अजून लागतं.

काही जण म्हणतील, पाकिटं ठेवायला जागा कुठाय? हॉस्टेलच्या कपाटात तर नाहीच. मान्य. पण हजार सुट्या तिकिटांपेक्षा दहा अख्खी पाकिटं बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात की माळ्यावरची ट्रंक उघडा. कात्री बाजूला ठेवा. पाकिटाची मागची बाजूही बघा, पोचल्याचा शिक्का बहुतेक तिथेच असतो. आणि आजी-आजोबा असतील, तर पत्र त्यांच्याकडूनच वाचून घ्या. किती येतील, ते नंतर बघू.