फोटो काढायला एम.ए. कशाला?

आमच्या अर्धापुरात, नांदेडात हल्ली एक नवा प्रश्न ऐकू येतो. मुलगा किंवा मुलगी बी.ए., बी.कॉम. होते आणि घरात सांगते, मला पुढे फोटोग्राफी शिकायची आहे, पदव्युत्तर. अब्बा गप्प होतात. मग कुणीतरी माझ्यासारख्या मास्तरला गाठतं, "सर, जरा समजवा त्याला. फोटो तर मोबाईलवर घरातली लहान पोरंही काढतात. त्याच्यासाठी दिल्ली-गुजरातला जायचं? त्यापेक्षा बी.एड. करू दे."

मी भाषा शिकवतो, बी.एड. करूनच या पेशात आलो. म्हणून भाषेचंच उदाहरण देतो. बोलता सगळ्यांनाच येतं, तरी एम.ए. मराठी आणि एम.ए. उर्दूचे वर्ग भरतात. बोलता येतं मग शिकायचं काय, असं तिथे कुणी विचारत नाही. फोटोचंही तसंच आहे. बटण दाबणं म्हणजे बोलता येणं. काय सांगायचं, कुणाबद्दल, कुणाच्या परवानगीने आणि किती, हे शिकावं लागतं.

या वर्गांत शिकवतात काय? एकच विषय महिनोन्महिने धरून ठेवायला लावतात. शेकडो फोटोंतून दहा-बारा निवडायला आणि बाकीचे सोडून द्यायला लावतात. सगळ्यांसमोर फोटो भिंतीवर लावून विचारतात, हा कशासाठी काढलास? या माणसाला माहीत होतं का? ओळीत नाव का नाही? ज्यांना गावात 'भारी फोटो काढतोस' एवढंच ऐकायची सवय असते, त्यांना पहिले काही महिने हे फार लागतं. पण खरी तालीम इथेच होते.

आपल्या भागाला कॅमेरा नवा नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ (१८४४-१९०५). रुडकीच्या कॉलेजात अभियांत्रिकी शिकलेला हा माणूस. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र घडवणारा. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला पुढे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या आणि त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या सुरुवातीच्या फोटोंत जे.जे.मधली एक वर्गमैत्रीण दिसते, रेहाना मुगल. मुलींना 'हे आपलं काम नाही' म्हणणाऱ्यांनी ते फोटो जरूर पाहावेत.

अलीकडचं नाव सगळ्यांना माहीत आहे, दानिश सिद्दीकी. त्यांनी दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियात अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि तिथल्याच ए.जे.के. मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटरमधून एम.ए. केलं. रोहिंग्या निर्वासितांच्या फोटोंसाठी रॉयटर्सच्या ज्या चमूला २०१८ चं पुलित्झर मिळालं, त्यात ते होते. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात काम करताना ते मारले गेले आणि जामियाच्याच कब्रस्तानात त्यांना दफन केलं. कोविडकाळातल्या भारताच्या फोटोंसाठी २०२२ चं पुलित्झर त्यांना मरणोत्तर मिळालं. सोबत अदनान अबिदी, अमित दवे आणि काश्मीरच्या सना इरशाद मट्टू होत्या. सना यांनी काश्मीरच्या केंद्रीय विद्यापीठातून पत्रकारितेत एम.ए. केलं आहे. अबिदी मात्र डार्करूममधल्या मदतनिसाच्या कामापासून वर आले. म्हणजे पदवीशिवायही माणूस इथवर पोहोचतो, हे मान्य करायला हवं. पण डार्करूमची ती वाट आता बंद झाली आहे. मोठ्या फोटोग्राफरच्या हाताखाली वर्षानुवर्षं उमेदवारी करण्याची संधी छोट्या गावातल्या पोराला कुठे मिळते? त्याच्यासाठी वर्ग हाच दरवाजा उरतो.

अडचणी लपवायच्या नाहीत. पहिली भाषेची. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला स्वतःच्या कामाविषयी इंग्रजीत दोन पानं लिहावी लागतात, मुलाखत द्यावी लागते. दुसरी पैशाची. फीखेरीज कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप, हार्डडिस्क, प्रिंट आणि परक्या शहरातलं भाडं. खासगी संस्थांची फी केळीच्या दोन-चार एकरांवर चालणाऱ्या घराला झेपणारी नाही. तिसरी नोकरीची. वर्तमानपत्रांत फोटोग्राफरच्या जागा कमी झाल्या, आणि आता तर यंत्रच न घडलेल्या घटनेचे फोटो बनवून देतं. शिकून आलेल्यालाही सुरुवातीला लग्नाच्या ऑर्डरी घ्याव्या लागतात. त्यात कमीपणा काही नाही.

चौथी अडचण आपल्या घरातली. तसवीर बनवण्याविषयी हदीसमध्ये कडक इशारे आहेत आणि फोटोला ते लागू होतात का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत फोटो म्हणजे सावली धरून ठेवणं आहे, असं मांडून तो जायज ठरवला. आपल्याकडच्या अनेक उलेमांनी गरजेपुरतीच मुभा दिली. उर्दूत फोटोग्राफीला अक्कासी म्हणतात, अक्स म्हणजे प्रतिबिंब. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना जरूर विचारावं. पण ज्या घराच्या शादीत ड्रोन फिरतो, त्या घराला मुलीने फोटोग्राफीचा फॉर्म भरल्यावरच हा मसला आठवावा, हे मला इमानदारीचं वाटत नाही.

मग एवढं सोसून शिकायचं का? माझं उत्तर हो आहे, आणि त्याचं कारण पगार नाही. आपले फोटो कोण काढतं, ते बघा. ईदला टोप्यांची रांग आणि गळाभेट, एरवी पोलीस बंदोबस्त आणि बुरख्यातली पाठमोरी बाई. मुसलमान म्हटला की एवढीच चित्रं. अर्धापुरात भल्या पहाटे केळीचे घड कापून ट्रक भरणारे मजूर, उर्दू शाळेत पहिल्यांदा मराठी कविता वाचणारी मुलगी, कंधारच्या दर्ग्यात मन्नत मागायला आलेले सगळ्या जातींचे लोक कुठे दिसतात? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा देशभरातून कॅमेरे आले आणि काही दिवसांनी गेले. पुनर्वसनाच्या नव्या गावांत लोक पुन्हा कसे रुजले, हे टिपायला तिथेच राहणारा, शिकलेला डोळा लागतो. बाहेरचा माणूस दुष्ट असतो असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे दोन दिवस असतात, आपल्या पोरांकडे आयुष्य असतं.

म्हणून पालकांना माझं सांगणं असं. मुलाला आधी पदवी पूर्ण करू द्या. मग एक वर्ष हातातल्या मोबाईलवर गावातला एकच विषय टिपायला सांगा. वर्षभर टिकला तर ओढ खरी समजा. सरकारी संस्थांचे अर्ज आधी भरा. जामियात स्थिर छायाचित्रणाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, गांधीनगरच्या एन.आय.डी.मध्ये फोटोग्राफी डिझाईनचा एम.डेस. अभ्यासक्रम आहे. जमीन विकून खासगी कोर्स करू नका. सोबत एखादं कमाईचं काम हातात असू द्या.

आणि जमातीतल्या सधन लोकांनाही एक विनंती. डॉक्टर, इंजिनिअर होणाऱ्या मुलांना आपण मदत करतो, सत्कारही करतो. त्या यादीत वर्षाला एक नाव फोटोग्राफी शिकणाऱ्याचं असू द्या. ते मुलीचं असेल तर मला जास्त आनंद होईल.