तांब्याचं कडं आणि वाकडी बोटं

मला आमवात आहे हे कळल्यापासून माझ्या मनगटावर अख्ख्या गावाचा हक्क झालाय. लग्नात, बँकेच्या रांगेत, लिफ्टमध्ये कुणीही माझा हात धरतं, सुजलेली बोटं उलटसुलट करून बघतं आणि फर्मावतं, "ताई, तांब्याचं कडं घाला. आमच्या वहिनींचं दुखणं पळालं!" वहिनी मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषधही घेत होत्या, हे खोदून विचारल्यावर कळतं. गोळी वहिनींनी गिळायची आणि श्रेय कड्याने लाटायचं.

इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आमवाताच्या 70 रुग्णांना पाच महिन्यांत आळीपाळीने तांब्याचं कडं, चुंबकाचा पट्टा आणि चुंबकत्व घालवलेला पट्टा असं सगळं घालायला लावलं. वेदना, सूज, हातांची कामं, रक्तातला दाह, कशातच दखल घ्यावी असा फरक पडला नाही. हे 2013 साली छापून आलं. विक्रेत्यांपर्यंत अजून पोचलेलं दिसत नाही.

मग वहिनी खोटं बोलतात? मुळीच नाही. हे दुखणं चढतं, उतरतं. माणूस कडं आणायला धावतो तेव्हा ते टिपेला गेलेलं असतं. तिथून ते बहुधा उतरतंच.

सोन्याच्या अंगठीचे वकील जरा शिकलेले. "पूर्वी सोन्याची इंजेक्शनं द्यायचे ना?" द्यायचे. फ्रान्सच्या जाक फॉरेस्तिए यांनी 1929 मध्ये सोन्याचे क्षार आमवातावर वापरले आणि पुढे कित्येक दशकं ते चालले. पण ते क्षार टोचून शरीरात जात. काहींना गुण येई, काहींच्या अंगावर पुरळ उठे, मूत्रपिंडं बिघडत; म्हणून सतत रक्त-लघवी तपासावी लागे. बोटातली अंगठी जागची हलत नाही, ती काय सांधा वाचवणार? 1997 च्या एका छोट्या ब्रिटिश अभ्यासात अंगठीच्या बोटाचे सांधे कमी पोखरलेले दिसले होते, तो लगेच पुढे केला जातो. अहो, ज्याचं बोट फार सुजतं तो अंगठी मुळात घालेल कशी?

माझा राग कड्याच्या किमतीवर नाही. आमवातात सांध्याचं अस्तर सुजतं आणि हाड पोखरू लागतं. बऱ्याच जणांत हे पहिल्या दोन वर्षांतच सुरू होतं. गेलेला सांधा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. नेमक्या त्याच काळात "गोळ्या गरम पडतात, आधी कडं घालून बघू" चालू असतं. दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मनगटावर तांब्याचा हिरवा वळ, चारही बोटं करंगळीच्या बाजूला कललेली. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांनी दातांनी उघडलं.

ताईत-कवचांनी रोग बरे होतात अशा जाहिरातींना आळा घालणारा कायदा आपल्याकडे 1954 पासून आहे आणि त्याच्या रोगांच्या यादीत संधिवातही आहे. म्हणूनच की काय, आमच्या बाजारातला कडेवाला खोक्यावर काही छापत नाही, तोंडानेच सांगतो. "गुण आला नाही तर पैसे परत," म्हणाला.

"आणि बोटं?" मी विचारलं.

"ताई, तुमची श्रद्धाच कमी पडते," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं मनगट मापायला घेतलं.