घरट्यावरचा बास सोडा राव!

मे महिना आला की मिशिगनच्या तळ्यांवर आपली देशी मंडळी गळ घेऊन हजर. काठालगत उथळ पाण्यात बास दिसतो, जागचा हलत नाही, गळ टाकला की तुटून पडतो. फोटो, लाइक्स, वाहवा!

अहो, तो भुकेला नसतो, तो बाप असतो. पाणी १६-१८ अंश सेल्सियसला पोचलं की नर शेपटीने तळ साफ करून घरटं करतो आणि अंडी राखत बसतो. तुमच्या गळाला तो चोर समजून चावतो. फोटो होईस्तोवर ब्लूगिल मासे अंड्यांवर ताव मारतात. "सोडून देतो की!" म्हणे. धरून लगेच सोडायला तिथे वर्षभर परवानगी आहे, मान्य. पण नियमात बसलं म्हणजे बरोबर झालं का?

आणि यात कसब ते काय? नवीन असाल तर मी म्हणेन, जुलैत पहाटे जा. पाणगवताची कड, पाण्यात पडलेलं झाड, धक्क्याखालची सावली शोधा; बास तिथे दबा धरून असतो. हुकचं टोक प्लॅस्टिकच्या गांडुळात लपवा, म्हणजे गवतात अडकत नाही. सावकाश ओढा. चारदा हात हलवत परत याल, पण तळं कळायला लागेल. बघा पटतंय का!