वॉकीटॉकीला बॅटरीच नाही!

शुक्रवारी रात्री ‘एकच एपिसोड’ म्हणून बसायचं आणि दूधवाल्याची बेल वाजली की भानावर यायचं, असं तुमचं शेवटचं कधी झालं होतं? माझं गेल्या आठवड्यात झालं. गुन्हेगाराचं नाव, ‘सिग्नल’.

कोरियन ड्रामा म्हटलं की आपल्याला आठवतो तो चिकणा हीरो, पहिला बर्फ आणि दहाव्या भागात एकदाचं धरलेला हात. इथे त्यातलं काही नाही. किम उन-ही या लेखिकेची ही १६ भागांची मालिका २०१६ साली ‘टीव्हीएन’ या चॅनेलवर आली. २०१५ मधल्या पार्क हे-यंग या तरुण पोलिसाला भंगारात एक जुनी वॉकीटॉकी सापडते. बॅटरी नाही, तरी रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी ती बोलू लागते. पलीकडे असतो ली जे-हान, भूतकाळातला एक पोलीस. मग दोघं मिळून धूळ खात पडलेल्या केसेस उघडतात.

आता प्लस पॉइंट्स. पहिला म्हणजे अर्थातच चो जिन-उंगचा जे-हान. स्मार्ट नाही, बोलण्यात धड नाही, पण माणूस सोन्यासारखा! त्याला आवडणारी मुलगी जाते. तिने काढून ठेवलेलं सिनेमाचं तिकीट घेऊन हा थिएटरात बसतो. आजूबाजूला सगळे खो खो हसताहेत आणि हा एवढा धिप्पाड गडी हमसून रडतोय. अख्ख्या सीनला डायलॉगची गरजच लागत नाही. आणि किम हे-सू! जे-हान बेपत्ता झाल्यापासून १५ वर्षं, कुठे बेवारस सांगाडा सापडला की ती धावते. ‘तो नाही’ कळल्यावरचा तिचा चेहरा बघाच.

दुसरा प्लस म्हणजे मालिकेचा खरा राग. कोरियात तेव्हा जुन्या खुनांवर खटला भरायला १५ वर्षांची मुदत होती. ती संपली की खुनी मोकळा. पहिल्याच केसमध्ये घड्याळ असं काही पळतं, की आपण उशी आवळून बसतो. हा कायदा प्रत्यक्षात २०१५ मध्ये रद्द झाला, पण आधीच मुदत संपलेल्या केसेसना त्याचा काहीच उपयोग नव्हता.

मायनस? आहेत ना. भूतकाळ बदलला की जगाच्या आठवणी पुसल्या जातात, हीरोच्या मात्र शाबूत राहतात. का, ते विचारायचं नाही! वरिष्ठ पोलीस व्हिलन तर पहिल्या फ्रेमपासून कपाळावर पाटी लावूनच फिरतो. हे-यंग झालेला ली जे-हून सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त ओरडतो. शेवट अर्धवट सोडलाय, तेही पचायला जड.

पण मला खटकलं ते वेगळंच. मालिकेतली एक केस ह्वासाँगच्या खऱ्या हत्याकांडावर बेतली आहे. १९८६ ते १९९१ या काळात तिथे १० बायका-मुलींचा खून झाला. मालिका आली तेव्हा खुनी कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. २०१९ मध्ये डीएनएमुळे ली चुन-जे सापडला. मेहुणीच्या खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगातच होता! त्याने कबुली दिली, पण मुदत २००६ मध्येच संपलेली, त्यामुळे या खुनांसाठी शिक्षा शून्य. यातल्याच आठव्या खुनासाठी यून साँग-यो नावाच्या माणसाने २० वर्षं तुरुंगात काढली होती. पोलिसांनी छळ करून त्याच्याकडून कबुली घेतली होती. २०२० मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं.

‘सिग्नल’मध्येही निरपराध माणसं आत जातात. पण तिथे मागे कुणी बड्या बापाचा लेक किंवा विकला गेलेला साहेब असतो. खऱ्या आयुष्यात एवढ्या मोठ्या कटाची गरजच पडली नाही. केस लवकर बंद करायची घाई पुरली. एक व्हिलन पकडला की सिस्टीम साफ, हा मालिकेचा भाबडेपणा मला तिच्या बिनबॅटरीच्या वॉकीटॉकीपेक्षा जास्त फॅन्टसी वाटला.

तरीही बघा. २०२४ चा हिंदी रिमेक ‘ग्यारह ग्यारह’ पाहिला असेल, तरी ओरिजिनल बघाच. फक्त सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन असेल, तर रविवारी रात्री सुरू करू नका. आणि पाहून झालं की यून साँग-योची ती २० वर्षं आठवा. त्याला ११ वाजून २३ मिनिटांनी कुणाचाच आवाज आला नव्हता.