पडणाऱ्याला हात कोण देतो?



फेब्रुवारी १९९९ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमो या टेलिफोन कंपनीने 'आय-मोड' नावाची सेवा सुरू केली. खिशातल्या मोबाईलवर इंटरनेट, ई-मेल आणि बँकेचे व्यवहार आले. अमेरिकेचा आयफोन बाजारात यायला अजून आठ वर्षे होती. जपानकडे शिक्षण होते, पैसा होता, कारखाने होते. मग गूगल, अ‍ॅमेझॉन, फेसबुक या कंपन्या अमेरिकेतच का जन्मल्या? जपानात इंटरनेटवर नवा धंदा काढणाऱ्या कंपन्या, म्हणजे स्टार्टअप, इतक्या थोड्या का निघाल्या?

'जपानी माणसात धाडसच नाही,' असे काही लोक सांगतात. हे खोटे आहे. महायुद्धात बेचिराख झालेल्या त्याच देशात १९४६ साली पुढे सोनी म्हणून गाजलेली कंपनी निघाली आणि १९४८ साली होंडा. अमुक लोकांच्या रक्तातच खोट आहे, ही भाषा आपण पिढ्यान् पिढ्या ऐकली आहे. म्हणून रक्ताची चर्चा सोडू आणि व्यवस्था तपासू.

पहिली गोष्ट नोकरीची. जपानच्या मोठ्या कंपन्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुले दर एप्रिलमध्ये एकदम भरती करत आल्या. एकदा आत शिरले की निवृत्तीपर्यंत परमनंट, आणि पगार वर्षांप्रमाणे वाढत जाणार. मधेच नोकरी सोडून धंदा काढला आणि तो बुडाला, तर ते दार पुन्हा उघडणे फार कठीण.

दुसरी गोष्ट भांडवलाची. शेअर कंपनी काढायची तर किमान १ कोटी येन दाखवावे लागत. २००३ साली ही अट सैल झाली आणि २००६ च्या कायद्याने गेली.

तिसरी गोष्ट सर्वांत जड, ती जामीनकीची. कायद्याने कंपनीचे कर्ज वेगळे आणि मालकाचे घर वेगळे. पण लहान धंद्याला कर्ज देताना बँका मालकाची वैयक्तिक हमी मागत, पुष्कळदा नातेवाइकालाही जामीन राहावे लागे. कंपनी बुडाली की मालकाचे घर आणि बचतही जाई, आणि सोबत जामीनदारही बुडे. अशा ठिकाणी शहाणा बाप मुलाला 'नोकरीच धर' असे सांगणार नाही तर काय?

आता कॅलिफोर्निया पाहा. नोकर कंपनी सोडून स्पर्धकाकडे जाणार नाही, असा करार तिथला कायदा १८७२ पासून मानत नाही. १९५७ साली आठ तंत्रज्ञ शॉकली यांची प्रयोगशाळा सोडून बाहेर पडले व त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. त्यांतल्याच नॉइस आणि मूर या दोघांनी १९६८ साली इंटेल उभारली. तिथे नव्या कंपनीला पैसा पुष्कळदा कर्ज म्हणून मिळत नाही, तो कंपनीत हिस्सा घेऊन मिळतो. कंपनी बुडाली तर गुंतवणूकदाराचा पैसा बुडतो, तरुणाचे घर वाचते. अर्थात तिथेही हा पैसा गरिबाच्या दारी सहज येत नाही. ओळख आणि नामांकित विद्यापीठाचा शिक्का लागतोच.

उशिरा का होईना, जपान सरकारला हे उमगले. २०२२ मध्ये त्यांनी स्टार्टअपसाठी पाच वर्षांची योजना आखली. मार्च २०२३ पासून नव्या कंपन्यांना मालकाच्या वैयक्तिक हमीशिवाय कर्ज मिळावे, अशी सोय केली. माणसे तीच राहिली, नियम बदलू लागले.

यातून आपण काय घ्यावे? आपला मुलगा किंवा मुलगी धंद्याचे नाव काढील, तेव्हा 'तुझ्यात हिंमत आहे का?' हा प्रश्न नंतर विचारा. आधी तीन प्रश्न विचारा : पैसा कर्जाचा की भागीदारीचा? जामीन म्हणून सही कोणाची? बुडाला तर पुन्हा कामाला लागण्याची वाट कोणती? उत्तरे पटली तर खुशाल पाठीवर हात ठेवा. नाही पटली, तर राहत्या घराचा कागद मात्र पेटीतच राहू द्या.